आईचा गुडघा आणि ती कमान

विमानतळावरच्या तपासणीत आई धातू शोधणाऱ्या कमानीखालून गेली आणि कमान वाजली. वाजणारच होती, तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, आत धातूचे सांधे बसवलेत, आणि हे आम्ही रांगेत शिरल्यापासून दिसेल त्याला सांगत होतो. वय ७१. व्हीलचेअर घेऊया म्हटलं तर नको म्हणाली, चालते ना मी माझी माझी, कशाला कुणाला ढकलायला लावायचं. तर ती वाजली, आणि पलीकडच्या बाईंनी हातानेच खूण केली, मागे जा, परत या. आई मागे गेली, परत आली, परत वाजली. मग तिसऱ्यांदा. मी ट्रेपाशी अडकलेली कारण माझी बॅग मशीनमध्ये थांबवून ठेवलेली, आणि तिथून मला दिसतंय की आई दोन्ही हात अर्धवट वर करून उभी आहे, पायात काही नाही, खाली गार फरशी, आणि हात आता खाली घ्यायचे का वरच ठेवायचे हे तिला कळत नाहीये.

मग तिला पडद्याआड नेलं. बाहेर आली तेव्हा एक शब्द बोलली नाही. गेटपाशी खुर्चीत बसल्यावर म्हणाली, "कपडा वर घ्या म्हणाली, मग म्हणाली अजून वर. ऑपरेशनचा व्रण समोर दिसतोय तरी दाबून बघितलं. दुखतंय म्हटलं तर म्हणे आमचं कामच आहे ते." आणि जरा वेळाने, "मी काय चोर आहे का गं?"

इकडे माझ्या बॅगेत काय सापडलं तर त्याच गुडघ्याला लावायचं मलम. १२० मिलीची ट्यूब, खालून गुंडाळत गुंडाळत वापरलेली, आत पन्नास मिलीसुद्धा उरलं नसेल. पण नियम आतल्या मलमाचा नसतो, ट्यूबवर छापलेल्या आकड्याचा असतो, हातातल्या बॅगेत शंभर मिलीच्या पुढचा आकडा दिसला की विषय संपला. त्या माणसाने ट्यूब उचलली, फिरवून आकडा वाचला आणि शेजारच्या मोठ्या टोपलीत टाकली. टोपलीत पाण्याच्या बाटल्या, शांपू, क्रीम, कुणाचं तरी न उघडलेलं अत्तर, सगळं एकावर एक. आईला हे सांगितलं तर तिने जे विचारलं ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. "त्यात काही असेल असं खरंच वाटत असेल, तर ते असं माणसांच्या मधोमध टोपलीत कसं फेकतात?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी परतल्यावर मी ह्या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागले, आणि वाचत गेले तसतसा माझ्या रागाचा रोख बदलत गेला.

आधी एक गोष्ट. तपासणीच नको असं म्हणणारी मी नाही. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत विमान पळवण्याच्या शंभराहून जास्त घटना झाल्या, आणि तरीही विमान कंपन्या प्रवाशांना तपासायला तयार नव्हत्या, गिऱ्हाईक दुरावेल म्हणून. जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक प्रवासी आणि त्याच्या हातातली बॅग तपासणं सक्तीचं झालं आणि अपहरणं झपाट्याने कमी झाली. त्याच सुमाराला अमेरिकेचा क्युबाशी करार झाला, पळवलेलं विमान तिकडे नेऊन सुटायची सोय बंद झाली, त्याचाही हात होता, पण कमानीचाही होताच. आणि आजही तिथे बंदुका सापडतात, २०२३ या एका वर्षात टीएसए ह्या अमेरिकी यंत्रणेने हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका पकडल्या, त्यातल्या बहुतेक गोळ्या भरलेल्या. त्या विमानात गेल्या नाहीत ते त्या रांगेमुळेच.

पण त्या रांगेत आपल्याला जे सगळ्यात जास्त छळतं, म्हणजे बूट काढा, बाटल्या टाका, हात वर करून काचेच्या खोक्यात उभे राहा, ते कुठून आलं हे बघायला गेलं की वेगळंच चित्र दिसतं.

बूट. २२ डिसेंबर २००१ ला पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीड नावाच्या माणसाने बुटात लपवलेली स्फोटकं काडीने पेटवायचा प्रयत्न केला. हा माणूस तपासणीतून व्यवस्थित पार झाला होता. एवढंच नाही, आदल्या दिवशी त्याचा संशय येऊन पोलिसांनी त्याची चौकशी केली होती, त्यात त्याचं विमान चुकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला विमानात चढू दिलं गेलं. त्याला आवरलं ते विमानातल्या सेविकांनी आणि प्रवाशांनी, मिळेल त्याने बांधून ठेवलं. त्यानंतर अमेरिकेत २००६ मध्ये बूट काढणं सगळ्यांना सक्तीचं झालं आणि ते थेट जुलै २०२५ मध्ये उठलं.

बाटल्या. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीला आणला, थंड पेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिकवर एकाच वेळी अनेक विमानं उडवायची. कट खरा होता आणि भयंकर होता, ह्यात वाद नाही. पण तो पकडला गेला तो पाळतीमुळे, पोलीस आणि गुप्तचर त्या माणसांच्या मागावर होते, आणि त्यातला एकही जण विमानतळावर पोचायच्या आत सगळे ताब्यात आले. त्यातून आला तो १०० मिलीचा नियम, आणि त्यातच आईचं मलम गेलं.

तिसरं ते खोकं. २५ डिसेंबर २००९ ला ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात शिवून आणलेली स्फोटकं पेटवली. त्याच्या स्वतःच्या बापाने महिनाभर आधी नायजेरियातल्या अमेरिकी दूतावासात जाऊन सांगितलं होतं की माझा मुलगा वाईट मार्गाला लागलाय. नाव यादीत गेलं, पण ज्या यादीमुळे विमानात चढता येत नाही त्या यादीत नाही, आणि व्हिसाही तसाच राहिला. इथेही स्फोटकं नीट फुटली नाहीत आणि शेवटी एक सहप्रवासी सीटांवरून उडी मारून त्याच्यावर पडला म्हणून माणसं वाचली. त्या बापाचा विचार माझ्या मनात फार वेळा येतो. स्वतःच्या पोराविरुद्ध सांगायला जाणं म्हणजे काय असेल, आणि ते सांगितलेलं असं फायलीत पडून राहणं म्हणजे काय. त्यानंतर जगभर ती पूर्ण शरीर तपासणारी यंत्रं भराभर बसली.

तीन घटना. दोन माणसं रांगेतून बिनबोभाट पार झालेली, तिसरा कट रांगेपर्यंत आलाच नाही. आणि तिन्हीचं ओझं येऊन पडलं ते रांगेवर, म्हणजे तुमच्या माझ्यावर, आईवर.

आणि जे उपाय खरोखर कामाला आले ते बहुतेक आपल्याला दिसतच नाहीत. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान अटलांटिकवर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब खाली सामानात होता, आणि ती बॅग ज्याच्या नावावर होती तो माणूस विमानात चढलाच नव्हता. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर एका विमानाचं तेच झालं, २७० मृत्यू, तिथेही बॅगेबरोबर माणूस नव्हता. त्यातून हळूहळू पक्का होत गेलेला नियम असा, की प्रवासी चढला नाही तर त्याची बॅगही उतरवायची. कधी कधी विमान उशिरा सुटतं ते ह्यामुळे, कुणीतरी खाली उतरून शेकडो बॅगांतून एक बॅग शोधत असतं. तसंच कॉकपिटचं दार. ११ सप्टेंबर २००१ नंतर ते मजबूत आणि आतून बंद होणारं झालं, आणि चाकू दाखवून विमान ताब्यात घेणं जवळपास अशक्य होऊन बसलं. (तेच दार मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्स ह्या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने आतून लावून घेतलं आणि स्वतःसकट १५० जणांना डोंगरावर आपटलं, त्यामुळे कुठलाच उपाय निर्दोष असतो असं मी म्हणणार नाही.) पण ह्या दोन्हीत कुणा म्हातारीला कपडा वर घ्यायला लागत नाही.

ब्रूस श्नायर ह्या सुरक्षातज्ज्ञांनी असल्या दिखाऊ उपायांना 'सिक्युरिटी थिएटर' म्हटलं, सुरक्षेचं नाटक, आणि तो शब्द आता सगळीकडे वापरतात. मला तो पूर्ण पटत नाही. नाटकात प्रेक्षकाला कुणी हात लावत नाही.

बरं, मग ती रांग पकडते तरी किती? २०१५ मध्ये अमेरिकेतली एक अंतर्गत चाचणी बाहेर फुटली. सरकारचीच माणसं साध्या प्रवाशासारखी खोटी स्फोटकं आणि शस्त्रं घेऊन वेगवेगळ्या विमानतळांवर गेली, ७० वेळा प्रयत्न केला आणि ६७ वेळा आत गेली. सत्तरातल्या सदुसष्ट वेळा. तिथल्या यंत्रणेच्या हंगामी प्रमुखाला त्या पदावरून दूर करण्यात आलं. मी हा आकडा वाचला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर ती पडद्यामागची बाई आणि तिचा हात आईच्या व्रणावर. इतकं करून जर हे होत असेल तर ते करायचं कशासाठी.

माझी एक मैत्रीण काही वर्षं ह्याच कामात होती, स्क्रीनवर. तिला मी हे सगळं तावातावाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू कधी वीस मिनिटं एक्स-रे बघितलायस का सलग?" मग तिने जे सांगितलं ते मी तिच्या शब्दांत देते, जमेल तसं. लोकांना वाटतं आम्ही त्यांच्या बॅगा बघतो, आम्ही रंग बघतो. नारिंगी म्हणजे कापड, कागद, खाणं, प्लास्टिक, आणि स्फोटकंसुद्धा नारिंगीच. निळा म्हणजे धातू. हिरवा म्हणजे मधलं काहीतरी. एकावर एक चढलेले रंग, बॅग आत कोंबलेली, चार्जरच्या वायरींची गुंतवळ, त्यावर लॅपटॉप, आणि तुझ्याकडे त्याच्यासाठी काही सेकंद, कारण मागे रांग ओरडतेय. युरोपात नियमच आहे की एका माणसाने सलग वीस मिनिटांवर स्क्रीनसमोर बसायचं नाही, कारण त्यापुढे डोळे उघडे असतात पण दिसत नाही. माणूस जागा राहावा म्हणून मशीन मधूनच एखाद्या बॅगेत खोटी बंदूक किंवा खोटा बॉम्ब घालून दाखवतं, फक्त चित्र, बटण दाबलं की सांगतं ही चाचणी होती. "मला सगळ्यात भीती कशाची वाटायची माहितीये," ती म्हणाली, "की खरं काही आलं तर मला ते पण खोटंच वाटेल."

ह्यावर संशोधनही झालंय आणि ते वाचून मला तिच्याबद्दल जास्तच वाईट वाटलं. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तेव्हा माणसं ती साधारण ७ टक्के वेळा चुकवतात, आणि तीच वस्तू शंभरात एकदाच येत असेल तर चुकायचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जातं. माणसाची नजरच तशी आहे, जे कधी दिसत नाही ते दिसेल अशी तिची तयारीच राहत नाही. आणि विमानतळावर खरा बॉम्ब शंभरात एक सोडा, करोडोंत एक येतो, म्हणजे तिथे बसलेल्या मुलीकडून आपण जे मागतोय ते माणसाच्या डोळ्यांना झेपणारंच नाही. त्यात तिच्यासमोर दिवसाला हजारो बाटल्या, नेलकटर, मलमाच्या ट्यूब, ज्यांचा धोक्याशी काही संबंध नाही पण ज्या सोडल्या तर तिच्यावर कारवाई होईल. मग तिची नजर कशावर पक्की होणार? मलमावरच.

आणि तरी शिव्या तिला. मैत्रीण सांगत होती, लोक ट्रे आपटायचे, तुला काय अक्कल आहे का म्हणायचे, एकाने घड्याळ काढून तिच्या अंगावर फेकलं होतं. मी गप्प बसले, कारण त्या दिवशी मीही त्या ट्यूबवाल्या माणसाशी फार वाईट बोलले होते. तो नियम त्याने केलेला नव्हता, बदलायचं त्याच्या हातात नव्हतं, आणि कदाचित त्यालाही तो तेवढाच निरर्थक वाटत असेल. ज्यांनी नियम केला ते त्या काउंटरच्या दहा मैल जवळपास नसतात, त्यांच्याशी आपली कधी गाठच पडत नाही. म्हणून सगळा राग समोरच्या गणवेशावर निघतो, आणि त्या गणवेशातला माणूस तो राग पुढच्या प्रवाशावर काढतो, आणि पुढची प्रवासी म्हणजे कुणाची तरी आई.

सगळ्यात लागलं ते मात्र मैत्रिणीने शेवटी सहज सांगितलं ते. "अगं पण ते औषध होतं ना? बऱ्याच ठिकाणी औषधाला सूट असते, डॉक्टरची चिठ्ठी दाखवली असतीस तर सोडलं असतं कदाचित." चिठ्ठी होती. खाली गेलेल्या मोठ्या बॅगेत होती. कुणी एका वाक्याने विचारलं असतं, हे औषध आहे का, तर मी फोनमधला फोटो तरी दाखवला असता. कुठल्या पाटीवर ते नव्हतं, आणि त्या माणसाने काही विचारलं नाही.

मला खरं म्हणजे इथेच बोट ठेवायचंय. माणसं तपासणीला इतकी वैतागत नाहीत जितकी कारण न सांगता केलेल्या तपासणीला वैतागतात. आईला जर कुणी म्हटलं असतं, आजी, गुडघ्यातल्या धातूमुळे मशीन वाजतंय, मी आता हाताने बघणार आहे, दुखलं तर सांगा, तर तिने स्वतःहून दाखवलं असतं, वर ऑपरेशनची सगळी गोष्टही ऐकवली असती. १०० मिलीचंही तसंच. युरोपातल्या काही विमानतळांवर नवी सीटी स्कॅन मशीन बसली, ती बॅगेचं सगळ्या बाजूंनी फिरवता येणारं चित्र देतात, म्हणून बाटल्या बॅगेतच राहू द्या असं लोकांना सांगितलं गेलं, आणि मग १ सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय महासंघाने परत तीच मर्यादा आणली. का? मशीनबद्दल तांत्रिक शंका होत्या म्हणे, बस एवढंच. असेलही शंका, मी तज्ज्ञ नाही, पण मग इतकी वर्षं लोकांना जे सांगितलं त्याला आधार काय होता, हे विचारायचा हक्क त्या रांगेतल्या प्रत्येकाला आहे.

आणि विचारल्याने फरक पडतो, हे पण बघितलंय. अमेरिकेत आधी एक प्रकारची अशी यंत्रं होती ज्यात माणसाचं शरीर कपड्यांशिवाय असल्यासारखं स्क्रीनवर दिसायचं. लोक चिडले, खटले झाले, संसदेने कायदाच केला की नेमक्या शरीराऐवजी फक्त सगळ्यांना सारखीच बाह्याकृती दिसली पाहिजे. ज्या यंत्रांना ते जमलं नाही ती २०१३ मध्ये विमानतळांवरून काढून टाकली. आज स्क्रीनवर एक साधी बाहुली दिसते आणि शंका असेल तिथे पिवळा चौकोन. हे कुणी मेहेरबानी म्हणून दिलेलं नाही, ज्यांना अपमान वाटला त्यांनी तो बोलून दाखवला म्हणून झालं. त्यामुळे कुणी म्हणालं ना की सुरक्षेसाठी एवढं सहन करायला काय होतं, तर मला मनापासून राग येतो. सहन करतोच आहोत. विचारतोय फक्त.

अजून एक, जे मला रांगेत उभं असताना आता नेहमी आठवतं. २२ मार्च २०१६ ला ब्रसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले ते चेक-इनच्या हॉलमध्ये, म्हणजे कमानीच्या अलीकडे, जिथे माणसं सामान घेऊन गर्दीने उभी होती. रांग जितकी लांब तितकी ती गर्दी मोठी आणि तितकीच उघड्यावर. म्हणजे रांग भराभर पुढे सरकणं हीसुद्धा सुरक्षाच आहे, ती काही प्रवाशांचे लाड म्हणून मागितलेली सोय नव्हे, आणि हे नियम करणाऱ्यांच्या हिशोबात कुठे धरलेलं असतं का, मला माहीत करून घ्यायचंय.

मी तक्रार केली होती. त्यात आईचं सगळं लिहिलं, मलमाचं लिहिलं, आणि शेवटी दोन प्रश्न विचारले. गुडघ्यात सांधा असलेल्या माणसाला तीनदा कमानीखालून का फिरवतात? आणि तुमच्याकडे चाचण्या होत असतील तर त्यात किती वेळा पकडलं जातं? तुमचा प्रवास सुखाचा व्हावा असं एक ठरावीक उत्तर आलं. मी परत लिहिलंय, दोनच प्रश्न, मोठ्या अक्षरात.

पुढच्या महिन्यात परत जायचंय. आईने परवा मलम एका छोट्या डबीत काढून ठेवलं, डबीवर कागद चिकटवून स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलं, गुडघ्यांचा एक्स-रे आणि चिठ्ठी पर्समध्ये सगळ्यात वर ठेवली. मी म्हटलं यावेळी तरी व्हीलचेअर घेऊ. नको म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "पडद्यामागे नेलं ना, की आधी मी खुर्ची मागून घेणार. बसणार. आणि मग मीच सांगणार तिला, कुठे दाबू नको ते."